कुणाशी खेळून मिळवले हे गुण?

फुटबॉलचा हंगाम अर्ध्यावर आला की कोल्हापुरात गुणतक्त्याला सामन्याइतकंच महत्त्व येतं. शाहू स्टेडियमवरची गर्दी पांगायच्या आतच कोण कितव्या क्रमांकावर गेला याची गणितं सुरू होतात, रात्रीपर्यंत तक्ता पेठापेठांच्या ग्रुपवर फिरतो आणि सकाळी वर्तमानपत्रात छापून येतो. त्या तक्त्यावरून प्रशिक्षकाला जाब विचारला जातो, गोलरक्षक बदलला जातो, तालमीचे, म्हणजे संघामागच्या मंडळाचे, जुने खेळाडू बैठक बोलावतात, देणगीदाराचा हात सैल होतो किंवा आखडतो. पाटाकडील, प्रॅक्टिस, खंडोबा, दिलबहार, शिवाजी, बालगोपाल, फुलेवाडी, कुठल्याही संघाचे समर्थक असा, हंगामाच्या मध्यावर तुमची मान ताठ राहणार की खाली जाणार हे तो चार रकान्यांचा कागद ठरवतो. एवढं सगळं ज्याच्यावर अवलंबून असतं तो कागद त्या घडीला खरं सांगतो का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

माझं मत असं की तो खरं सांगत नाही, आणि ते दुरुस्त करणं आपल्या हातात आहे. साखळी पूर्ण झाली की प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळलेला असतो, सगळ्यांचे सामने सारखे असतात, त्यामुळे गुणांची बेरीज हाच न्याय. त्या शेवटच्या तक्त्याला हात लावायला मी सांगत नाही. पण साखळी अर्धी असताना एका संघाचे चार सामने झालेले असतात, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे पाच. एकाने तळाच्या संघांना झोडपून गुण घेतलेले असतात, दुसरा आधीच दोन तगड्यांशी भिडून आलेला असतो. आपण हे सगळं एकाच बेरजेत घालतो आणि त्याला क्रमवारी म्हणतो.

कोल्हापूरकरांना ही गोष्ट खरं तर समजावून सांगायची गरज पडू नये. खासबागेत 1912 पासून कुस्त्या होत आहेत, आणि तिथं बसलेला म्हातारा प्रेक्षक पैलवानाने किती कुस्त्या मारल्या हे आधी विचारत नाही. तो विचारतो, कुणाला पाडलं? दहा कुस्त्या मारलेल्या पोरापेक्षा दोनच मारलेल्या पण नावाजलेला मल्ल चितपट केलेल्या पोराची जोड वरच्या पैलवानाशी लावली जाते, आणि त्यात कुणाला अन्याय वाटत नाही. त्याच गावात फुटबॉलचा तक्ता वाचताना मात्र आपण समोर कोण होता हे विसरतो.

युरोपातलं एक ताजं उदाहरण घ्या. चॅम्पियन्स लीगने 2024-25 पासून गटांची पद्धत सोडली. 36 संघ एकाच तक्त्यात ठेवले आणि प्रत्येकाला आठ वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी आठ सामने दिले. म्हणजे 35 पैकी 27 संघांशी तुम्ही खेळणारच नाही. ही कायमचीच अर्धवट साखळी झाली. पॅरिस सेंट जर्मेनच्या वाट्याला बायर्न म्युनिक, मँचेस्टर सिटी, आर्सेनल आणि अ‍ॅटलेटिको माद्रिद असे चार बडे संघ आले. आठ सामन्यांत त्यांना 13 गुण मिळाले आणि ते पंधराव्या क्रमांकावर राहिले. पहिले आठ थेट पुढे गेले, यांना एक जादा फेरी खेळावी लागली. 31 मे 2025 रोजी म्युनिकमध्ये याच संघाने अंतिम सामन्यात इंटर मिलानला 5-0 असं हरवून करंडक उचलला. मधल्या काळात तो संघ सुधारला हे खरंच आहे. पण जानेवारीच्या तक्त्यात त्याच्या वर असलेले चौदाही संघ त्याच्यापेक्षा सरस होते, असं आज कुणी म्हणणार नाही.

त्या स्पर्धेच्या आयोजकांना ही अडचण माहीत आहे. सोडतीसाठी संघांचे ताकदीनुसार चिठ्ठीगट केलेले असतात; त्या प्रत्येक चिठ्ठीगटातून संघ दोन-दोन प्रतिस्पर्धी घेऊन खेळतात ते वाटणी समान व्हावी म्हणूनच. शिवाय गुण, गोलफरक वगैरे सगळं बरोबरीत सुटलं तर कुणाच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून जास्त गुण मिळवले हे पाहण्याचा नियम त्यांनी ठेवला आहे. बुद्धिबळात हीच कल्पना बुखोल्झ या नावाने जुनी आहे. सांगलीला किंवा कोल्हापुरात स्विस पद्धतीची, म्हणजे सगळे सगळ्यांशी न खेळता सारख्या गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लावणारी, स्पर्धा खेळलेल्या कुठल्याही शाळकरी मुलाला ती ठाऊक असते: गुण सारखे झाले तर ज्याचे प्रतिस्पर्धी जास्त गुण मिळवून बसले तो वर. लहान मुलांना जे कळतं आणि पटतं ते मोठ्यांच्या फुटबॉलला झेपणार नाही, हे मला मान्य नाही.

आता पहिल्या, सोप्या दुरुस्तीकडे येऊ: एकूण गुणांऐवजी प्रति सामना सरासरी गुण. एका संघाचे पाच सामन्यांत दहा गुण आणि दुसऱ्याचे चार सामन्यांत नऊ असतील तर आजचा तक्ता पहिल्याला वर ठेवतो. सरासरी काढली तर 2 विरुद्ध 2.25, म्हणजे दुसरा वर. क्रिकेटने हा बदल आपल्या डोळ्यांसमोर केला. कसोटी अजिंक्यपदाच्या पहिल्या पर्वात भारत 360 गुणांसह पहिला होता आणि ऑस्ट्रेलिया 296 गुणांसह मागे. करोनामुळे अनेक मालिका रद्द झाल्या, सामने सारखे होणं अशक्य झालं, तेव्हा नोव्हेंबर 2020 मध्ये आयसीसीने मिळवता येण्याजोग्या गुणांपैकी किती टक्के मिळवले हा निकष आणला. भारताचे 75 टक्के, ऑस्ट्रेलियाचे 82.2. भारत एका दिवसात दुसरा झाला. आपल्याकडे ओरड झाली, पण सामन्यांची संख्या असमान असताना टक्केवारी हाच कमी वाईट मार्ग होता. चुकलं ते एवढंच की नियम पर्व सुरू असताना बदलला.

पण सरासरी हे अर्धंच औषध आहे, हेही त्याच स्पर्धेने दाखवलं. 2023-25 च्या पर्वात दक्षिण आफ्रिका 12 कसोटी खेळून 69.44 टक्क्यांनी पहिली आली, त्यात ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याशी एकही मालिका नव्हती. इंग्लंड 22 कसोटी खेळला. पुढे जून 2025 मध्ये लॉर्ड्सवर दक्षिण आफ्रिकेने ऑस्ट्रेलियाला हरवून आपली लायकी सिद्ध केली आणि टीकाकारांची तोंडं बंद केली. तरी अंतिम सामन्याआधीची शंका रास्तच होती, कारण टक्केवारीला समोर कोण होतं हे दिसत नाही.

फुटबॉलमध्ये या प्रश्नाची खरी कसोटी 2020 साली लागली. मार्चमध्ये जगभरची मैदानं बंद झाली आणि प्रत्येक देशाच्या संघटनेला एकच कोडं पडलं: अर्ध्या-पाऊण हंगामाच्या तक्त्याचं करायचं काय? प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं आणि जवळजवळ प्रत्येक उत्तराने कुणावर तरी अन्याय केला. ती उदाहरणं नीट पाहण्यासारखी आहेत.

फ्रान्सने 28 फेऱ्यांनंतर लीग थांबवली आणि सरासरी गुणांवर क्रम लावला. दहा फेऱ्या शिल्लक होत्या. एकोणिसावा अमियाँ हा संघ त्याच्या वरच्या संघापेक्षा चार गुणांनी मागे होता, म्हणजे विजयाला तीनप्रमाणे तीस गुण खेळायचे बाकी असताना चार गुणांची उणीव. त्याला खालच्या श्रेणीत ढकललं. प्रकरण तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेलं, न्यायालयाने घसरण स्थगित केली, तरी लीगने पुन्हा मतदान घेऊन ती कायम केली. स्कॉटलंडमध्ये हार्ट्स संघाचे आठ सामने बाकी होते, उणीव तीही चार गुणांचीच, आणि तोही खाली गेला. तिथल्याच दुसऱ्या श्रेणीत पार्टिक थिसल या संघाचे 27 सामन्यांत 26 गुण होते, वरच्या संघाचे 28 सामन्यांत 28. एक सामना हाताशी, तो जिंकला असता तर थिसल वर. पण सरासरी 0.96 विरुद्ध 1 अशी भरली आणि संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. दोन्ही संघ लवादाकडे गेले आणि हरले.

इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत तर एकाच निर्णयाने दोन टोकं दाखवली. वायकम वाँडरर्स आठव्या क्रमांकावर होता. त्याचा एक सामना कमी झाला होता म्हणून सरासरीने तो थेट तिसरा झाला, बाद फेरीला पात्र ठरला, ती जिंकून वरच्या श्रेणीत गेला. पीटरबरोचे गुण वायकमइतकेच, 59, पण सामना एक जास्त, म्हणून तो सहाव्यावरून सातव्यावर घसरला आणि बाद फेरी हुकली. तळाला ट्रॅनमियर रोव्हर्स तीन गुणांनी मागे, हाताशी एक सामना, आणि तरीही घसरण. नेदरलँड्सने उलट टोक गाठलं: विजेता नाही, बढती नाही, घसरणही नाही. तिथे अयाक्स आणि एझेड दोघांचे 25 सामन्यांत 56 गुण होते. गोलफरकाने अयाक्स वर, म्हणून चॅम्पियन्स लीगची थेट जागा त्याला. एझेडने त्याच हंगामात अयाक्सला दोन्ही वेळा हरवलं होतं. समोरासमोर दोनदा पाडूनही खाली बसावं लागलं, हे कोल्हापुरातल्या कुठल्याही पेठेने निमूट मान्य केलं असतं का?

आपल्या देशात मात्र त्या वर्षी न्याय झाला. आय-लीगमध्ये मोहन बागान 16 सामन्यांत 39 गुणांवर होता, दुसऱ्या क्रमांकाचे 23. चार फेऱ्या शिल्लक, म्हणजे जास्तीत जास्त बारा गुण, आणि आघाडी सोळाची. महासंघाने उरलेले 28 सामने रद्द करून बागानला विजेता घोषित केलं आणि घसरण रद्द केली. जे गणिताने पक्कं झालं होतं ते दिलं, जे पक्कं नव्हतं त्यावरून कुणाला शिक्षा केली नाही. या दुसऱ्या भागाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली तिथं आहे.

सरासरीत प्रतिस्पर्धी मिसळायचा कसा? हे गणित अवघड असल्याची भीती घातली जाते, म्हणून एक उदाहरण इथेच करून दाखवतो. एका मोठ्या साखळीत सगळ्यांचे चार-चार सामने झाले आहेत. अ संघाने तीन जिंकले, एक हरला: नऊ गुण, सरासरी 2.25. ब संघाने दोन जिंकले, एक बरोबरी, एक हार: सात गुण, सरासरी 1.75. तक्त्यात अ वर. आता अ ज्या चार संघांशी खेळला त्यांची सरासरी काढा, पण अ विरुद्धचा सामना वगळून, नाहीतर अ ने हरवल्यामुळेच ते दुबळे दिसतील. समजा ती 0.67, 0.67, 1 आणि 1.33 आली. चौघांची मिळून सरासरी 0.92. ब च्या प्रतिस्पर्ध्यांची त्याच पद्धतीने 2.33, 2, 1.67 आणि 1.33 आली, म्हणजे सरासरी 1.83. विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण असताना, चारातला एक सामना बरोबरीत सुटतो असं धरलं तर मध्यम संघाची सरासरी साधारण 1.37 येते. अ चे प्रतिस्पर्धी त्यापेक्षा 0.45 ने दुबळे होते, तेवढं वजा करा: 1.80. ब चे 0.46 ने तगडे होते, तेवढं मिळवा: 2.21. ब वर गेला, आणि थोडाथोडका नाही. यात बेरीज, वजाबाकी आणि भागाकार यांपलीकडे काही नाही.

याच्या पुढची पायरी अशी की प्रतिस्पर्ध्यांचे प्रतिस्पर्धीही पाहायचे, मग त्यांचे, आणि आकडे स्थिर होईपर्यंत हेच करत राहायचं. हे संगणकाचं काम आहे. त्याची कल्पना मात्र संगणकाच्या आधीची आहे. जर्मन गणिती एर्न्स्ट झेर्मेलो यांनी 1929 मध्ये बुद्धिबळाच्या स्पर्धांसाठी ती मांडली. सगळे सगळ्यांशी खेळून झाले नसतील, तर झालेल्या डावांवरून प्रत्येकाची ताकद कशी अजमावायची, हा प्रश्न त्यांनी घेतला होता. अर्धवट स्पर्धेचा न्याय हा इतका जुना आणि इतका नीट सुटलेला प्रश्न आहे. पुढे अर्पाड एलो यांनी बुद्धिबळासाठी गुणांकन पद्धत बसवली आणि ऑगस्ट 2018 पासून फिफाची देशांची क्रमवारी त्याच तत्त्वावर चालते: तगड्याला हरवलं तर जास्त मिळणार, दुबळ्याला हरवलं तर थोडंच, आणि दुबळ्याकडून हरलात तर बरंच जाणार. भारताचा क्रमांक घसरला की आपण हळहळतो तो याच हिशेबाने घसरलेला असतो. जगाच्या क्रमवारीत जे चालतं ते पेठेच्या क्रमवारीत का चालू नये?

एक आक्षेप मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. गुण म्हणजे गुण, गॅलरीत बसलेल्या शेवटच्या माणसालाही कळतात, आणि खेळ लोकांचा राहायचा असेल तर त्याचा हिशेबही लोकांना कळला पाहिजे. हे खरं आहे. म्हणूनच मी शेवटचा तक्ता बदलायला म्हणत नाही, आणि मधल्या तक्त्यातूनही गुणांचा रकाना काढायला म्हणत नाही. त्याच्या शेजारी आणखी दोन रकाने छापा एवढंच मागणं आहे: प्रति सामना सरासरी, आणि आतापर्यंतच्या प्रतिस्पर्ध्यांची सरासरी. वाचणारा स्वतः ताडून पाहील. राहिला प्रश्न अवघडपणाचा. पावसाने थांबलेल्या एकदिवसीय सामन्याचं लक्ष्य डकवर्थ-लुईस पद्धतीने ठरवायला 1997 मध्ये सुरुवात झाली. ते कोष्टक आपल्यातल्या कितींना मांडता येईल? तरी लोकांनी ते स्वीकारलं, कारण ते सामना सुरू होण्याआधीपासून ठरलेलं असतं आणि दोन्ही बाजूंना सारखं लागू होतं. लोकांना प्रत्येक पायरी कळावीच लागते असं नाही. नियम आपल्याविरुद्ध ऐनवेळी काढलेला नाही एवढी खात्री हवी असते.

दुसरा आक्षेप असा की मग मागच्या हंगामाची कामगिरीही धरा, अंदाज आणखी अचूक येईल. अचूक येईल, पण ते मला मंजूर नाही. कोण जिंकेल याचं भाकीत करायचं असेल तर मागचा हंगाम, खेळाडूंचा अनुभव, मारलेले फटके, सगळं धरा. मान देण्यासाठी लावलेल्या क्रमवारीत मात्र या हंगामात मैदानावर जे मिळवलं तेवढंच यायला हवं. नाहीतर खालच्या गटातून कष्टाने वर आलेल्या नव्या संघावर पहिल्या दिवसापासून जुन्या नावांचं ओझं बसेल. प्रतिस्पर्ध्यांची ताकदही याच हंगामातल्या निकालांवरून मोजायची, त्यांच्या नावावरून नाही.

गोलफरकाबद्दल थोडक्यात. अर्ध्या हंगामात गोलफरक हा गुणांपेक्षाही जास्त फसवतो. तळाच्या, निम्मे खेळाडू जायबंदी असलेल्या संघाला कुणी 8-0 हरवलं तर ते आठ गोल पुढच्या सगळ्या सामन्यांवर सावली धरतात. मध्यंतरीच्या तक्त्यात एका सामन्यातला फरक तीन गोलांपर्यंतच धरावा. पुढे चाल मिळालेल्या सामन्याचे गोल तर अजिबात धरू नयेत, कारण ते कुणी मारलेलेच नसतात.

या सगळ्या गणितालाही एक मर्यादा आहे, आणि ती सांगितल्याशिवाय माझी बाजू प्रामाणिक ठरणार नाही. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, त्यामुळे नशिबाचा वाटा मोठा असतो. एक चेंडू खांबाला लागून आत जातो, एक बाहेर. अगदी बरोबरीच्या ताकदीचे दोन संघ सात-सात सामने खेळले तरी शेवटी त्यांच्यात तीन-चार गुणांचा फरक पडणं ही नित्याची गोष्ट आहे. हिशेब मांडला तर त्याहून मोठा फरकही निव्वळ योगायोगाने सहज पडू शकतो. चार सामन्यांनंतर पहिला आणि चौथा यांच्यात दोन गुणांचं अंतर असेल, तर त्यातून कोण सरस हे कुठल्याही पद्धतीने सांगता येत नाही. अशा वेळी वर्तमानपत्रांनी ‘अमुक संघ अव्वल’ असा मथळा देण्याऐवजी ‘चार संघ आघाडीवर’ असं लिहिलं तर ते जास्त खरं असेल. आणि तालमींनी चार सामन्यांवरून प्रशिक्षक बदलू नये. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना त्या कागदावरून पेठेत मान खाली घालून फिरावं लागतं, आणि ते फार वाईट आहे.

इथूनच शिक्षेचा मुद्दा येतो. हंगाम मध्येच थांबला आणि क्रम लावावाच लागला, तर विजेतेपद आणि घसरण यांना मी एकच मोजमाप लावणार नाही. विजेतेपद अंदाजाने दिलं आणि चूक झाली, तर एखाद्याला थोडा जास्त मान मिळाला, दुसऱ्याची हळहळ झाली. घसरण अंदाजाने दिली आणि चूक झाली, तर संघ मोडू शकतो: खेळाडू सोडून जातात, देणगी आटते, लहान वयोगटातली मुलं दुसऱ्या तालमीत जातात. शिक्षेला पुरावा जास्त लागतो, हे न्यायाचं साधं तत्त्व आहे. म्हणून विजेता प्रतिस्पर्ध्यांची ताकद धरून काढलेल्या सरासरीने ठरवावा, आणि घसरण मात्र गणिताने अटळ झाली असेल तरच द्यावी. हार्ट्स, अमियाँ, ट्रॅनमियर, थिसल, यांतल्या एकाचीही घसरण अटळ झालेली नव्हती.

कोल्हापूरची एक गोष्ट या बाबतीत फार अनुकूल आहे. लीगचे सामने एकाच मैदानावर, शाहू स्टेडियमवर होतात. युरोपात घरचं मैदान आणि परकं मैदान यांचा हिशेब अर्धवट हंगामात मोठी डोकेदुखी असते. एखाद्याचे घरचे सामने आधी उरकलेले असतात, दुसऱ्याचे पुढे असतात. इंग्लंडमध्ये त्या वर्षी सरासरी घरची वेगळी आणि बाहेरची वेगळी काढायची का, यावरही वाद झाला. आपल्याकडे माती तीच, ऊन तेच. गॅलरी कुणाच्या बाजूने जास्त भरते एवढाच काय तो फरक. त्यामुळे आपल्याला फक्त दोनच गोष्टी सुधारायच्या आहेत: सामन्यांची संख्या आणि प्रतिस्पर्धी.

त्यातली पहिली तर वेळापत्रकानेच सुटते. आठ संघांच्या गटात एका फेरीत चार सामने. दिवसाला दोन सामने धरले तर दोन दिवसांत फेरी पूर्ण. सात फेऱ्या, खेळाचे चौदा दिवस. गट दोन असतील तर अठ्ठावीस. एक फेरी पूर्ण झाल्याशिवाय पुढची सुरू करायची नाही एवढं पथ्य पाळलं, तर कुणाचा सामना हाताशी राहण्याचा प्रश्नच उरत नाही. आज अमक्या संघाला परीक्षेमुळे तारीख नको, तमक्याचे बाहेरचे खेळाडू अजून आले नाहीत, अशा विनंत्यांवरून सामने मागे-पुढे झाले की तक्ता वाकडा होतो. विशेषतः बाहेरून येणाऱ्या खेळाडूंची वाट पाहत सामना पुढे ढकलून घेणं मला गैर वाटतं. त्या संघाशी आधी खेळलेल्याला एक संघ भेटतो आणि नंतर खेळणाऱ्याला दुसराच. तारीख एकदा जाहीर झाली की ती फक्त मैदान खेळण्याजोगं नसेल तरच हलावी.

एकाच मैदानाची एक अडचणही आहे. 1982 च्या विश्वचषकात स्पेनमधल्या हिहोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना किती फरकाने निकाल लागला तर दोघेही पुढे जातात हे आधीच माहीत होतं, कारण त्यांच्याच गटातल्या अल्जीरियाचे सामने संपले होते. जर्मनीने दहाव्या मिनिटाला गोल केला आणि उरलेला वेळ दोघांनी चेंडू इकडून तिकडे फिरवला. तेव्हापासून गटाचे शेवटचे सामने एकाच वेळी सुरू करतात. आपल्याला एका स्टेडियमवर ते जमणार नाही. पण शेवटच्या फेरीतले निर्णायक दोन सामने एकाच दिवशी लागोपाठ ठेवता येतात, आणि ज्या संघाला दुसऱ्याच्या निकालाचा फायदा होऊ शकतो त्याला आधी खेळवता येतं. कोण आधी खेळणार हे शेवटच्या फेरीपूर्वीच्या तक्त्यावरून ठरवायचं. म्हणजे पुन्हा तो तक्ता खरा असण्याची गरज आलीच.

नियमात आणखी एक कलम हवं: संघ मध्येच बाहेर पडला किंवा काढला गेला तर काय? बुद्धिबळात निम्म्यापेक्षा कमी डाव खेळून कुणी गेलं तर अंतिम क्रमवारीत त्याचे निकाल धरत नाहीत. निम्मे किंवा जास्त झाले असतील तर धरतात आणि उरलेल्यांना पुढे चाल मिळते. फुटबॉलला हेच लागू करता येईल. ज्याने त्या संघाला कष्टाने हरवलं त्याचे गुण जातील, हे दुःख आहेच, पण काहींना खेळून आणि काहींना घरबसल्या तीन गुण मिळण्यापेक्षा ते कमी आहे.

हे सगळं करायला पैसा लागत नाही. शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे. तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दर फेरीनंतर प्रतिस्पर्ध्यांसह सरासरी काढून देणं हा एका संध्याकाळचा उद्योग आहे, आणि फुटबॉलवेड्या गावात असा उद्योग करायला पोरं रांगेने उभी राहतील. वर्तमानपत्रांनी ते दोन रकाने छापावेत. नियमाचं काम मात्र संघटनेचं आणि संघांचं आहे. फेरीनुसार वेळापत्रक, थांबलेल्या हंगामाचा निकष, घसरणीची अट आणि माघार घेणाऱ्या संघाचं कलम, हे चारही मुद्दे एका कागदावर मावतात. कुठला संघ वर जाणार आणि कुठला खाली हे कुणालाच माहीत नसतं तेव्हाच त्यावर एकमत होऊ शकतं. म्हणून हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी करायला प्रत्येक संघाचे पदाधिकारी येतील, त्या दिवशीच त्यांच्यासमोर हा कागद ठेवून सही घ्यावी.